अक्का साठीला पोहायला शिकली

आमच्या घरी उन्हाळा अक्काचा फोन आला की सुरू व्हायचा. "दोन जोड कपडे, एक टॉवेल, टोपी. आन् भ्या घरी ठिवून या," एवढं बोलून ती फोन ठेवून द्यायची. कुणाची परीक्षा राहिलीय, कुणाला ताप आलाय, हे ऐकायला ती थांबतच नसे. चार दिवसांत आम्ही नऊ सख्खी-चुलत भावंडं कमलनगर, उदगीर, कलबुर्गी अशा तीन दिशांनी बसा बदलत हळ्ळीखेडला पोचायचो. आमच्यामागून कुरकुरत आमच्या आया यायच्या.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. पण आत्या तिला कुणीच म्हटलं नाही. भाऊ, भावजया, आम्ही पोरं, दारावर येणारा केळीवाला, सगळ्यांची ती अक्काच. आयुष्यभर तिने सरकारी दवाखान्यांत नर्सची नोकरी केली. आज हुमनाबाद, उद्या भालकी, परवा चिंचोळी. लग्न झालं होतं, दोन वर्षांत परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. रिटायर झाल्यावर तिने गावातलं आमचं जुनं दोन खोल्यांचं घर पांढऱ्या चुन्याने रंगवून घेतलं आणि तिथे एकटी राहायला लागली.

साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. गळ्यात शिट्टी, काखेत काळी छत्री आणि पर्समध्ये थर्मामीटर. तिच्या लेखी जगात दोन जातीची माणसं होती, पेशंट आणि डिस्चार्ज घेऊन घरी गेलेले पेशंट. ती रागावली की कानडी बोलायची, आंब्याचा सौदा करताना दखनी उर्दू, आणि कुणाला कडू औषध पाजायचं असलं की एकदम मऊ मराठी. म्हणून तिने लाडाने "बाळा, इकडं ये की," असं म्हटलं की आम्ही पळ काढायचो.

तिच्या घरचं वेळापत्रक दवाखान्याचंच. दिवस उगवायला विहिरीवर. नऊला परत येऊन ज्वारीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. बारा ते चार दाराला आतून कडी. "दुपारचं ऊन माणूस खातंय," म्हणायची. चारला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्रत्येकी दोन पेले, आणि मग कुठेतरी निघायचं. कुठे ते सकाळी सांगत नसे. कधी कारंजा धरणाच्या भिंतीवरून चालायचं, कधी बसवकल्याणचा किल्ला, कधी नुसतंच माळावरून तीन मैल जाऊन परत यायचं. बिदरच्या किल्ल्यात तर तिने आम्हाला एकाही सुलतानाचं नाव सांगितलं नाही. प्रत्येक दरवाजाशी थांबवून आपापली नाडी मोजायला लावली. एक परदेशी जोडपं कौतुकाने बघायला लागलं, तर तिने त्यांचीही मोजली.

गावात बायका म्हणायच्या, नर्सबाईचं डोकं उन्हानं फिरलंय. अक्काच्या कानावर ते आलं. तिने त्या बायकांनाही टॉवेल घेऊन यायला सांगितलं. त्यातल्या दोघी खरंच आल्या.

आता पोहण्याचं सांगते. अक्काला साठ वर्षं पोहता येत नव्हतं. रिटायर झाली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात ती गावातल्या शिंप्याकडे गेली आणि शाळेच्या गणवेशाचं गडद निळं कापड त्याच्यापुढे ठेवलं. लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत सलवार, अंगाला घट्ट, असं शिवायचं. शिंप्याने विचारलं, पोरगी कितवीला आहे? अक्का म्हणाली, "साठावीला." त्याने मुकाट्याने टेप उचलली.

पायऱ्यांची विहीर आमच्या रानाला लागून माळप्पा अण्णांची. अण्णा धनगर. त्यांच्या वडिलांची मेंढरं बालाघाटापर्यंत चरायला जायची. अण्णांच्या वेळेला मेंढरं संपून तूर आणि चार म्हशी उरल्या होत्या. पण लोकर कातरायच्या आधी मेंढराला पाण्यात कसं घालायचं हे त्यांच्या हातात होतं. पोहायला शिकवता का म्हणून अक्काने विचारल्यावर ते म्हणाले, मेंढरं शिकवलीत, माणूस कधी शिकवलं न्हाई, पण पाय चारच्या जागी दोनच हायेत, तवा सोपं असंल.

त्या पहिल्या दिवसाची गोष्ट अक्का दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी एकाच जागी थांबायची. माझी आजी, म्हणजे अक्काची आई, त्याच विहिरीच्या काठावर घागर घेऊन उभी राहायची. वरून कुणीतरी ओतलं तर पाणी मिळायचं. पायरीवर पाय ठेवायचा नाही. छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, अक्का शिकली, नर्स झाली, गावाने तिच्या हातून इंजेक्शनं घेतली. पण त्या विहिरीची पायरी ती कधी उतरली नव्हती. कारणच पडलं नव्हतं. त्या सकाळी निळा सदरा घालून ती दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर थबकली. समोर बांधावर माळप्पा अण्णांची म्हातारी आई बसली होती. पूर्वी वरून पाणी ओतणारी तीच.

इथे अक्का थांबायची. आम्ही विचारायचो, मग?

"मग काय. म्हातारी माझ्याकडं बघायली. मी म्हातारीकडं बघायले. शेवटी तीच म्हनली, 'उभी कामून राह्यलीस? पानी गरम व्हायची वाट बघायलीस का?'"

एवढं सांगून अक्का हसायची. ती कशाला हसायची ते मला मोठी झाल्यावर कळलं.

शिकायला तिला दीड महिना लागला. पाठीला बांधलेला प्लास्टिकचा कॅन, ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, नाकातोंडात पाणी, सगळं झालं. दुसऱ्या वर्षी तिने आम्हाला बोलावलं आणि आमच्यामागे आमच्या आयांनाही. माझी आई तीन उन्हाळे नुसती काठावर टॉवेल धरून बसली. चौथ्या वर्षी अक्काने तिच्यासाठी तसलाच निळा सदरा शिवून आणला आणि शिलाई वाया जाईल एवढंच म्हणाली. आईला वाया जाणारी गोष्ट बघवत नाही. ती उतरली.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट इथेच सांगून टाकते. मुलगा बघायला आला. त्याला सगळ्यांनी शिक्षण, नोकरी, घर विचारलं. अक्काने एकच विचारलं, पोहता येतं का? तो नाही म्हणाला. अक्काने जरा विचार केला आणि म्हणाली, लग्न मेमध्ये धरा, पोराला एप्रिलमध्ये इकडं पाठवा. तो आला. नंतर तो मला म्हणाला, इतक्या लोकांसमोर एवढं पाणी प्यायल्यावर आता लग्नात कशाची लाज वाटायची नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या एका उन्हाळ्याचं.

बाबा कमलनगरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मास्तर. इतिहास शिकवायचे. आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही त्यांचाच धडा ऐकायची. एका पावसाळ्याच्या अखेरीस सकाळी ते आरशासमोर दाढी करत होते आणि वस्तरा हातातून गळून पडला. उजवी बाजू गेली. बिदरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आणलं तेव्हा पाय ओढत चालता येत होतं, पण उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. बोललेलं कळायचं, पण शब्द ओले होऊन यायचे.

वाचा सुधारेल, डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. बाबा बोलायचे बंद झाले. त्यांना भेटायला शाळेतले मास्तर आले की ते झोपल्याचं सोंग घ्यायचे. जेवताना ओठाच्या कोपऱ्यातून डाळ गळायची, म्हणून ताट आतल्या खोलीत नेऊन दार लोटून जेवायचे. पाच-सहा महिने असेच गेले. मी तेव्हा कलबुर्गीला बी.एड. करत होते. मार्चमध्ये घरी आले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून घेतला, कानडीत, माझ्या अक्षरात. खाली डाव्या हाताने कशीबशी सही केली. शाळा उघडल्या की द्यायचा, एवढंच म्हणाले. आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं, पण ती बाहेर आली नाही.

एप्रिलमध्ये अक्काचा फोन आला. आईने सांगितलं, या वर्षी आमचं जमणार नाही. अक्काने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी क्रुझर गाडी घेऊन स्वतः दारात उभी राहिली. बाबांना विचारलं नाही. त्यांचे कपडे भरले, औषधांची पिशवी तपासली, एका गोळीची तारीख उलटलेली होती म्हणून आईला कानडीत झापलं आणि आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं. 

अक्काने बिदरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. कमरेएवढं पाणी चालेल, दोन्ही बाजूंना माणसं हवीत, चक्कर आली तर लगेच बाहेर, असं त्यांनी सांगितलं होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माळप्पा अण्णांच्या विहिरीत पायऱ्यांच्या तळाशी एक रुंद टप्पा कमरेएवढ्या पाण्यात असायचा. अक्काने ते सगळं मनात मोजलं होतं. पण बाबांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मला वाटलं, अक्का आता भांडेल. तिने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडून बाबांना तिच्यावर बसवलं.

"मास्तर, तुझं काम मोजायचं," ती म्हणाली. "नऊ पोरं उतरली तर नऊ वर आली पायजेत. दर पाच मिन्टाला मोज, आन् मोठ्यानं सांग. मला पान्यात आयकू आलं पायजे."

बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती उतरून गेली. पाच मिनिटांनी तिने खालून विचारलं, किती? वरून उत्तर नाही. परत विचारलं. बाबा पुटपुटले. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं होतं, पण अक्का कानावर हात ठेवून म्हणाली, "किती?"

"नऊ."

"किती?"

बाबा चिडले. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. खुर्चीचा हात पकडून ते ओरडले, "नऊ," आणि तो वाकडातिकडा, ओला शब्द विहिरीत घुमून आमच्यापर्यंत आला. आम्ही कुणीच वर बघितलं नाही. अक्काने डोळ्यांनीच तशी ताकीद दिली होती.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाबा आकड्याबरोबर नावंही घ्यायला लागले. कोण काठ सोडत नाही, कोण दुसऱ्याला बुडवायला बघतोय. वर्गावर असल्यासारखं.

सातव्या दिवशी बाबा म्हणाले, "आठ."

आम्ही खेळात होतो. कुणीतरी हसलंही. बाबांनी परत म्हटलं, "आठ," आणि ते उठून उभे राहिले. काठी न घेता. त्यांचा डावा हात विहिरीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे होता. तिथे पिवळा कॅन एकटाच तरंगत होता. तो करुणाचा. करुणा माझ्या धाकट्या काकांची मुलगी, दहा वर्षांची, सगळ्यांत धीट. आता आपल्याला येतं, असं वाटून तिने कुणाला न सांगता कॅनची कमरेची दोरी सोडली होती.

अक्काने शिट्टी वाजवली नाही. ती पायरीवरून सरळ आत गेली. सदुसष्ट वर्षांची बाई, पायात बूट होते ते तसेच. पाणी हललं आणि मग नुसतंच गोल गोल होत राहिलं. आईने माझा दंड धरला होता, तिची नखं मला दुसऱ्या दिवशीही दिसत होती. मग अक्काचं डोकं वर आलं आणि तिच्या हातात करुणाच्या वेण्या होत्या. पायरीवर आडवी घालून, कुशीवर वळवून, पाठीवर थापा मारून तिने पाणी काढलं. करुणा खोकली, रडली आणि आपला एक डूल पाण्यात पडला म्हणून परत रडली. तिला काही झालं नव्हतं. तरी अक्काने तिला हुमनाबादच्या दवाखान्यात नेऊन छाती तपासून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सवयीने टॉवेल घेऊन ओट्यावर रांगेत बसलो. अक्का बाहेर आली नाही. आत जाऊन बघितलं तर ती चुलीपाशी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. गळ्यात शिट्टी नव्हती. आईने विचारलं, जायचं नाही का? तिने मान हलवली.

मग तिने जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीत असताना दर मे महिन्यात तिच्या दवाखान्यात बुडालेली पोरं यायची. कुणी खाणीच्या खड्ड्यात, कुणी तलावात, कुणी विहिरीत. बापाच्या खांद्यावर, जीपमध्ये, एकदा मोटारसायकलवर मधे बसवून. तिला नुसतं बघूनच कळायचं, तरी ती छाती दाबत राहायची, कारण बाप समोर उभा असायचा. तिने ठरवलं होतं, नोकरी सुटली की आधी आपण शिकायचं, मग घरातलं एकेक माणूस शिकवायचं. एवढं सांगून ती म्हणाली, "आन् मी शिकवता शिकवता माझ्याच घरची घालवली असती. झालं आता. कुनी जायचं न्हाई."

 आई सूप तिच्या हातातून घ्यायला गेली, तर तिने ते दिलं नाही.

बाबा दारात उभे होते. ते कधी आले कळलं नव्हतं. त्यांना बोलायला वेळ लागला आणि आम्ही सगळे थांबलो.

"मी वरून बघत हुतो," ते म्हणाले. "ती बुडायली तवा हात मारायली हुती. वर यायला. तू शिकवल्यालं. न्हाईतर तू पोचूस्तवर..." पुढचा शब्द त्यांना येईना. त्यांनी तो सोडून दिला. मग म्हणाले, "चल. आज मी उतरतो."

अक्काने वर बघितलं. तिला मी रडताना कधी पाहिलेलं नाही, तेव्हाही ती रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, उठली आणि पहिलं काय केलं असेल तर बाबांची नाडी मोजली.

त्या दिवशी मोजायला आई बसली. माळप्पा अण्णा एका बाजूला, अक्का दुसऱ्या बाजूला, असे बाबा एकेक पायरी उतरले. सतरा पायऱ्या. पहिल्या दिवशी ते टप्प्यावर नुसते उभे राहिले आणि त्यांचा उजवा पाय पाण्यात लटलट कापत होता. दुसऱ्या दिवशी चार पावलं चालले. पाचव्या दिवशी अक्काने त्यांना पाठीवर झोपवलं. डोक्याखाली तिचा तळवा, कमरेखाली अण्णांचा. अण्णा म्हणत होते, मास्तर, अंग सोडा, पान्याला मास्तर कळत न्हाई. बाबांनी अंग सोडलं. आणि सात महिने जो हात त्यांनी मांडीवर ठेवून उचलून नेला होता, तो हळूहळू पाण्यावर वर आला. आपोआप. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, ओळखीचं माणूस खूप दिवसांनी दिसावं तसं.

"हलका लागायलाय," ते म्हणाले.

पाण्याने ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. औषधं होती, सकाळ-संध्याकाळ आई करून घेत होती तो व्यायाम होता. पण त्या दिवशी आम्ही विहिरीवरून परत आलो तेव्हा बाबा आतल्या खोलीत गेले नाहीत. ओट्यावर आमच्या पंगतीत बसले आणि डाव्या हाताने भाकरी मोडली. दही ओठातून गळलं. अक्काने आपल्या पदराला तोंड पुसलं, मग त्याच पदराने त्यांचं पुसलं, आणि करुणाला ठेचा वाढायला सांगितला.

मेच्या मध्याला अक्काने नेहमीप्रमाणे कुठे ते न सांगता सगळ्यांना पहाटे क्रुझरमध्ये कोंबलं. कलबुर्गी मागे पडलं, तुरीची रिकामी रानं, शहाबादी फरशीच्या खाणी गेल्या, तरी गाडी थांबेना. शेवटी भीमा नदी दिसली तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. सन्नती. तिथे अशोकाचे लेख सापडले आहेत आणि जवळच जुन्या स्तूपाचे कोरीव दगड मातीतून वर आले आहेत. वर्षानुवर्षं बाबा पोरांना अशोक शिकवत आले होते आणि दर उन्हाळ्यात सन्नतीला जाऊ म्हणत आले होते. किल्ल्यात सुलतानाचं नाव न सांगणाऱ्या आमच्या अक्काला हे लक्षात होतं.

ऊन चढायच्या आत आम्ही त्या दगडांपाशी पोचलो. एका दगडावर राजा, त्याच्याशेजारी राणी, आणि वर झिजलेली अक्षरं. ती ब्राह्मी अक्षरं आम्हा पोरांना कुणालाच येत नव्हती. बाबा काठी टेकत पुढे गेले, वाकले, आणि एकेक अक्षर नजरेने धरून वाचायला लागले. राजाचं नाव त्यांच्या तोंडून तीनदा अडकलं. चौथ्यांदा आलं. मग ते आमच्याकडे वळले आणि बोलायला लागले. कलिंगाची लढाई, राजाला झालेला पश्चात्ताप, दगडावर लिहून ठेवण्यामागचं कारण, सगळं. शब्द अडखळत होते, मधेच लाळ पुसायला ते थांबत होते, पण ते थांबले की आम्हीही थांबत होतो. दुसऱ्या एका गाडीतून आलेलं कुटुंबही येऊन उभं राहिलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने कानडीत काहीतरी विचारलं, तर बाबांनी त्याला कानडीत उत्तर दिलं.

अक्का लांब छत्री घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, अर्धा तास झाला, त्याला पाणी प्यायला दे. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, की आहे असं ती दाखवत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी भीमेच्या उथळ पाण्यात गुडघ्याएवढे उभे राहून आम्ही कलिंगडं खाल्ली. परतीच्या वाटेवर बाबा ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून मागे वळले आणि मला म्हणाले, तो अर्ज फाडून टाक. मी पर्समधून काढला आणि चालत्या गाडीत फाडला. तुकडे आईने घेऊन रुमालात बांधले. खिडकीतून टाकू नको म्हणाली, घाण होते.

शाळा उघडल्या त्या दिवशी मी बाबांना स्कूटरवर घेऊन गेले. अक्का हळ्ळीखेडहून पहिल्या गाडीने येऊन शाळेच्या फाटकाशी आधीच उभी होती. मोठ्या बाईंनी बाबांना सातवीऐवजी दुसरीचा वर्ग दिला होता. चालेल का, म्हणून त्यांनी चारदा विचारलं. बाबा चालेल म्हणाले, पण वर्गाच्या उंबऱ्याशी त्यांची पावलं थांबली. आतून चाळीस डोळे त्यांच्या वाकड्या तोंडाकडे आणि लोंबत्या हाताकडे बघत होते. मी पुढे व्हायला गेले तर अक्काने माझी ओढणी धरली.

बाबा आत गेले. खुर्चीवर बसले.  पुढच्या ओळीतली एक मुलगी, दोन वेण्या, नाक गळतंय, उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या उजव्या हाताला बोट लावून बघितलं.

"गुरुजी, तुमचा हात झोपलाय का?"

 बाबांनी हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"व्हय," ते म्हणाले. "उठायलाय, हळूहळू."

एवढंच उत्तर तिला पुरलं. ती जागेवर जाऊन बसली आणि बाबांनी डाव्या हाताने खडू उचलला.

व्हरांड्यात अक्काने माझी ओढणी सोडली. छत्री काखेत मारली आणि शिपायाला कानडीत विचारायला लागली, हळ्ळीखेडला जायला आता गाडी किती वाजता आहे, तिकडं माळप्पा अण्णांच्या सुनेला आज पाण्यात उतरवायचंय.